मुहूर्त १२:२४ चा, मग पार्लरवाली किती वाजता? लग्नाच्या दिवसाचं बिनटेन्शन प्लॅनिंग

लग्न ठरलं की सगळं घर हॉल, केटरर, साड्या, पत्रिका यांच्या मागे लागतं. ते बरोबरच आहे, पण तो प्रत्यक्ष एक दिवस, पहाटे उठल्यापासून रात्री गृहप्रवेशापर्यंत कसा जाणार हे कागदावर लिहिलेलं फार कमी घरांत सापडतं. आणि खरी धावपळ तिथेच होते. मुहूर्ताला दहा मिनिटं उरलेली, नवरीचा खोपा अजून चाललाय, मंगळसूत्र कोणाच्या पर्समध्ये आहे ते कळत नाहीये, आईच्या डोळ्यात पाणी, हे सगळं टाळता येतं, खरंच येतं. ज्यांच्या घरात हे पहिलंच कार्य आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरण घेतलंय पुण्यातल्या हॉलमधल्या दुपारच्या मुहूर्ताच्या लग्नाचं. तुमच्याकडे सकाळी साखरपुडा-हळद आणि संध्याकाळी गोरज मुहूर्त अशी पद्धत असेल तरी हिशोब हाच, फक्त वेळा पुढे सरकवायच्या.

पहिलं काम तारीख आणि हॉल, आणि ही दोन्ही एकत्रच करा. आषाढी एकादशीपासून कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मासात बहुतेक घरांत लग्न करत नाहीत, त्यामुळे तुळशीची लग्नं झाली की सगळ्यांची एकदम झुंबड उडते, हॉलही तेच, गुरुजीही तेच, मेकअपवालीही तीच. म्हणून एकच तारीख डोक्यात घट्ट धरून हॉल बघायला जाऊ नका, गुरुजींकडून तीन-चार तारखा काढून घ्या आणि त्या घेऊन फिरा. आठवड्यातल्या मधल्या वारचा मुहूर्त चालत असेल तर हॉल सहज मिळतो आणि भाड्यात बोलायलाही जागा राहते. एप्रिल-मे मधलं लग्न असेल तर एसी आहे एवढं ऐकून गप्प बसू नका, तो पूर्ण भाड्यात आहे का तासावर, जनरेटरवर चालतो का, हे विचारा, कारण सिल्कची नऊवारी, दागिने आणि समोर होम, या तिन्हीत बिचारी मुलगी तीन तास बसणार असते.

हॉलवाल्याला अजून काय विचारायचं? ताबा कधी मिळणार, आदल्या संध्याकाळी का त्याच पहाटे. सोडायचा कधी. बाहेरचा केटरर आणि डेकोरेटर चालतो का. लाईटबिल युनिटवर आहे का. दोन्हीकडच्या मंडळींना खोल्या किती, नवरीच्या खोलीत मोठा आरसा आणि चालू प्लगपॉइंट आहेत का (हे स्वतः चार्जर लावून बघा), आजी-आजोबांना जिना चढावा लागतो का, गाड्या किती लागतात. हे सगळं पावतीच्या मागे लिहून घ्या आणि तिथेच सही घ्या, तोंडी बोललेलं चार महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

मग बसायचं ते याद करायला. जुन्या लोकांची ही पद्धत मला फार आवडते, दोन्हीकडची चार मोठी माणसं बसून कोण काय करणार ते कागदावर उतरवायची. हुंड्याचा विषय नकोच, तो १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि जिथे तो निघतो तिथे लग्नाचाच परत विचार करावा असं मला मनापासून वाटतं. मी म्हणतेय ते साध्या गोष्टींबद्दल. हॉल कोणाकडे, जेवण निम्मं-निम्मं का, सकाळचा नाश्ता कोणाच्या खर्चात, फेटे कोणाचे, फोटोग्राफर एक का दोन, गुरुजींची दक्षिणा, वरातीची गाडी. मानपानाचंही तिथेच स्पष्ट बोलून घ्या. कोणाला साडी, कोणाला टोपी-उपरणं, कोणाला नुसता नारळ, का काहीच नको. "काहीच नको" असं दोन्हीकडून ठरलं तर फार उत्तम, पण मग ते दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांपर्यंत आधीच पोचवा, नाहीतर त्या दिवशी कोणीतरी हमखास रुसतं आणि समजूत काढायला नवरीची आईच जाते. द्यायचं ठरलं असेल तर प्रत्येक पिशवीवर नावाची चिठ्ठी लावा आणि त्या पिशव्या एकाच मावशीच्या ताब्यात द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुहूर्तापासून उलटं मोजत यायचं.

समजा मुहूर्त १२:२४ चा. मंगलाष्टकं त्याच्या आधी सुरू होतात म्हणजे नवरा-नवरी बाराला बोहल्यापाशी हवेत. त्याआधी नवरी गौरीहर पुजायला बसते, मामाकडच्या पिवळ्या साडीत, त्याला अर्धा तास धरा, आणि तिथून मामा तिला घेऊन येणार. म्हणजे सव्वाअकराला ती पूर्ण तयार पाहिजे, मुंडावळ्यांसकट. केस आणि मेकअपला दोन तास, नऊवारी नेसवायला अर्धा-पाऊण तास, दागिने आणि गजरे यात वीस मिनिटं, झाले तीन तास, आणि वर अर्धा तास फुकट जाणारच असा धरायचा. म्हणजे पावणेआठला ती खुर्चीत बसली पाहिजे, पार्लरवाली साडेसातला हॉलवर, आणि नवरीचा नाश्ता सव्वासातला झालेला. सकाळी सकाळी पोटभर खाल्लं जात नाही पण चार घास उपमा किंवा एखादं केळं जायलाच हवं. काही घरांत विधी होईपर्यंत उपास असतो, तिथे दूध, फळं, लिंबू सरबत काय चालतं ते आधी विचारून ठेवा.

यात एक गोष्ट हमखास सुटते. पुण्याहवाचन, देवक वगैरे विधी आदल्या दिवशी ग्रहमखाबरोबर, म्हणजे ग्रहशांतीच्या पूजेबरोबर झालेले असतील तर प्रश्न नाही, पण ते लग्नाच्या दिवशी सकाळीच असेल तर मुलीला आईवडिलांबरोबर पाटावर बसावं लागतं, म्हणजे मेकअपचे तीन तास मधोमध तुटतात. म्हणून गुरुजींना फोन करून एकच प्रश्न विचारा, "सकाळपासून मुहूर्तापर्यंत कुठल्या कुठल्या विधीला मुलगी लागेल आणि किती वेळ?" त्यांचं उत्तर लिहून घ्या आणि तोच कागद पार्लरवालीला पाठवा. ही दोन माणसं एकमेकांशी कधीच बोलत नाहीत आणि मुहूर्ताच्या वेळी ओढाताण नेमकी यांच्यामध्येच होते. आणि नवरीची आई, बहीण, करवली यांच्यासाठी मेकअपला दुसरी मुलगी वेगळी सांगा, नवरीच्या खुर्चीमागे रांग लागू देऊ नका.

मुलाकडचाही असाच हिशोब. वऱ्हाड नऊपर्यंत हॉलवर, आल्या आल्या चहा-नाश्ता, सीमांत पूजन आदल्या संध्याकाळी झालं नसेल तर ते लगेच. फेटेवाला हा तर मुलाकडच्यांनी सर्वात आधी सांगायचा माणूस. एका फेट्याला तीन-चार मिनिटं धरली तर चाळीस फेट्यांना दोन-अडीच तास जातात, म्हणजे तो साडेआठला यायला हवा किंवा दोघं यायला हवेत. मुहूर्ताच्या तोंडावर अर्धे काका फेट्याच्या रांगेत आणि अर्धे मांडवात असं फार ठिकाणी दिसतं.

हा कागद तयार झाला की तो कोणाच्या हातात द्यायचा? आईवडिलांच्या नाही, नवरा-नवरीच्या तर नाहीच. एक चुलतभाऊ, मामेबहीण, एखादा जवळचा मित्र, ज्याला घरातली सगळी माणसं ओळखतात आणि जो मोठ्यांना न घाबरता "काका, आता चला" असं गोड बोलून उठवू शकतो. दिवसाचा इनचार्ज तो. गुरुजी, केटरर, पार्लर, फोटोग्राफर, डेकोरेटर, बसवाला सगळ्यांचे नंबर त्याच्याकडे आणि त्याचा नंबर सगळ्यांकडे, त्या दिवशी कोणीही नवरीच्या बाबांना फोन करायचा नाही. द्यायचे राहिलेले पैसे पाकिटं करून, वर नाव आणि रक्कम लिहून, आदल्या रात्रीच त्याच्याकडे द्या. दोन्हीकडून एकेक इनचार्ज असेल तर सोन्याहून पिवळं. बाबांनी त्या दिवशी दारात उभं राहून पाहुण्यांना या-बसा करावं, त्यांचं काम तेवढंच असावं. मुलीच्या लग्नात बाप हिशोबाच्या वह्या घेऊन स्वयंपाकघरापाशी उभा असतो आणि मुलीवर अक्षता टाकायला पण वेळेवर पोचत नाही, हे बघून मला फार वाईट वाटतं.

दुसरा माणूस पिशवीचा. हिला मी मुहूर्ताची पिशवी म्हणते. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या, मुंडावळ्यांचे दोन जोड, अंतरपाट, हार कुठल्या टोपलीत आहेत त्याची चिठ्ठी, सेफ्टी पिना भरपूर, सुई-दोरा, टिकल्या, हिरव्या बांगड्या चार जास्तीच्या कारण चुडा वाढतोच, म्हणजे एखादी बांगडी फुटतेच, रुमाल, डोकेदुखीची गोळी, जास्तीची एक प्रेसची नथ, म्हणजे न टोचलेल्या नाकावर दाबून बसणारी. गुरुजींच्या सामानाची यादी वेगळी असते, सुपाऱ्या, हळकुंडं, विड्याची पानं, लाह्या, समिधा, तूप, ताम्हण-पळी, पाट-चौरंग, बरेच गुरुजी आता सगळं सामान स्वतःच आणतात, पण आणणार का हे विचारूनच सोडा. आणि मंगळसूत्र कोणाकडे आहे हे निदान तीन माणसांना माहीत असू द्या.

आता स्टाइल. लोकांना वाटतं जास्त वस्तू म्हणजे जास्त छान, माझं मत बरोबर उलटं आहे. मराठी लग्नाला मुळातच इतकं देखणेपण आहे की त्याला फक्त वाव द्यायचा असतो. हिरवा चुडा, नथ, खोप्यावर ताजा मोगरा, चंद्रकोर, मोत्याच्या मुंडावळ्या, एवढ्यावर कुठलीही मुलगी उभी राहिली तरी नजर हटत नाही. तन्मणी, चिंचपेटी, ठुशी, लक्ष्मीहार, राणीहार सगळंच एकाच गळ्यात घातलं की काहीच दिसत नाही, गळ्यालगत एक आणि लांब एक, बस. आजीची जुनी नथ असेल तर तीच घाला, फक्त नाक टोचलेलं नसेल तर सोनाराकडून आधी प्रेस करून घ्या आणि घरात तासभर घालून बघा, दुखते का घसरते ते कळतं. नऊवारी नेसायची का शिवलेली, हे प्रामाणिकपणे ठरवा. नेसलेलीचा घोळ, काष्टा, पदर याची शान वेगळीच, पण तुम्हाला सवय नसेल आणि मध्ये साडी बदलायची असेल तर शिवलेली घ्या, यात काहीही कमीपणा नाही. पण शिवायला टाकताना एक महिना तरी हातात ठेवा आणि ट्रायल घेताना पाटावर मांडी घालून बसून बघा, उभं राहून सगळंच छान बसतं. साड्या दोनच बदला असं मी सांगेन, गौरीहराची पिवळी आणि नंतरचा शालू किंवा पैठणी. तिसरी साडी रिसेप्शनला असेल तर ते वेगळ्या वेळी असेल तरच. प्रत्येक बदलाला पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ पाहुणे रिकाम्या स्टेजकडे बघत बसतात.

मेंदी दोन दिवस आधी काढा, रंग एक-दोन दिवसांत चढत जातो, आदल्या रात्री काढलेली मुहूर्ताला केशरीच दिसते. नवीन फेशियल, नवीन क्रीम, केसांना नवीन काही, हे शेवटच्या आठवड्यात नको. मेकअपची ट्रायल घ्या आणि तो चेहरा उन्हात बाहेर जाऊन बघा, पार्लरच्या लाईटमध्ये नाही.

नवरदेवाकडे सगळे दुर्लक्ष करतात. धोतर नेसायचं का शिवलेलं, सोवळं आहे का, उपरणं कुठलं, हे त्याच्या आईला किंवा वहिनीला आधी बघू द्या, नवीन कोल्हापुरी चपला आठवडाभर घरात घालून मऊ करा. फेट्याचा रंग नवरीच्या साडीच्या काठाशी जुळवला की दोघं शेजारी उभे राहिल्यावर इतके सुंदर दिसतात की वेगळं काही करावं लागत नाही.

डेकोरेशनलाही हेच. झेंडू, शेवंती, निशिगंध, आंब्याच्या पानांचं तोरण, केळीचे खांब, दोन मोठ्या पितळी समया. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणि मुंबईत दादरच्या फुलबाजारात पहाटे फुलं मिळतात, घरातली दोन उत्साही मुलं असली तर तोरणं आणि गजरे स्वतः आणता येतात. लग्न दसरा-दिवाळीच्या जवळ आलं तर झेंडूचा भाव चढलेला असतो हे लक्षात ठेवा. रुखवताचं टेबल दारातून आत आल्या आल्या दिसेल असं ठेवा, ज्या बायकांनी रात्र रात्र बसून ते केलेलं असतं त्यांना लोक थांबून बघताहेत हे दिसायला हवं.

जेवण. खरं सांगायचं तर पाहुण्यांच्या लक्षात जेवणच राहतं. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, कोशिंबीर, पंचामृत, शेवटी वरणभात-तूप, हे गरम आणि वेळेवर मिळालं तर त्याच्यापुढे पन्नास काउंटर फिके आहेत असं माझं स्पष्ट मत. चाट, पास्ता, चायनीज सगळं मांडलं की रांगा वाढतात आणि निम्मं वाया जातं. केटररला पानांचा आकडा देताना पत्रिकांवरून देऊ नका, घरटी माणसं मोजा, कोण नक्की येणार, कोणाकडून एकच येणार, आणि गॅरंटीची पानं थोडी कमीच सांगा, कारण ती आली नाहीत तरी पैसे द्यावेच लागतात. जास्तीची किती पानं हाताशी ठेवणार आणि कुठल्या भावाने, ते लिहून घ्या. ड्रायव्हर, बँडवाले, फोटोग्राफर, पार्लरच्या मुली यांची पानं त्या आकड्यात धरा, ही माणसं पहाटेपासून आपल्यासाठी राबतात आणि त्यांना उरलंसुरलं द्यायचं हे बरोबर नाही. उरलेल्या अन्नाचं काय करायचं तेही आदल्या दिवशी ठरवा, जवळच्या आश्रमाला किंवा संस्थेला फोन करून ठेवला तर अन्न गरम असतानाच जातं.

मुहूर्ताची ती पंधरा मिनिटं आता बघू. मंगलाष्टकं म्हणायला घरातल्या सगळ्यांना हौस असते, असावीच, आत्याने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणजे तिच्या मायेचं दान आहे. पण नावं आधी ठरवा, तीन किंवा चार, आणि तो क्रम गुरुजींना द्या, मग ते बरोबर मुहूर्तावर अंतरपाट धरणाऱ्यांना खूण करतात. दोन माइक ठेवा, एक गुरुजींना, एक म्हणणाऱ्यांना. अक्षता दारातच करवलीकडून वाटून घ्या. आणि फोटोग्राफरला आधीच नीट सांगा की अंतरपाट दूर होताना तुम्ही बाजूला उभे राहायचं, समोर नाही. चार कॅमेरे आणि दोन लाईटचे स्टँड बोहल्यापुढे आले की मागच्या साडेतीनशे माणसांना फक्त पाठी दिसतात, आणि ही माणसं तो एक क्षण बघायलाच आलेली असतात.

अक्षता पडल्या की निम्मा हॉल जेवायला वळतो, ते होणारच, त्याबद्दल कोणावर रागावू नका, लोक लांबून आलेले असतात. पण कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी हे त्यानंतर असतं, आणि सप्तपदी हा लग्नाचा गाभा आहे. नुसत्या भावनेने नाही म्हणत, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ७ मध्ये लिहिलंय की ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट घेतलं तर ते हिंदू लग्न ठरत नाही. म्हणून सप्तपदीच्या वेळी दोन्हीकडची जवळची वीस-तीस माणसं तिथे थांबतील असं इनचार्जने बघावं, आणि गुरुजींना प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगायची विनंती करावी. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने लग्न लावतात तिथे अर्थ समजावून सांगतात, स्त्री पुरोहितही आहेत. आणि ब्राह्मण पुरोहिताशिवायच लग्न करायचं असेल तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हापासूनची सत्यशोधक पद्धत आपल्याकडे आहे, कमी वेळात, कमी खर्चात, आणि फार सुंदर होते.

विधी संपले की जोडप्याला आधी जेवायला बसवा, मग फोटो. स्टेजवर तासभर उभं करून तीन वाजता गार पुऱ्या वाढायच्या, असं कोणाशीच करू नये. विहिणीची पंगत असेल तर तिथेच दोघांना बसवा, रांगोळी, उदबत्ती, उखाणे, तिथले फोटो स्टेजवरच्या फोटोंपेक्षा किती तरी जिवंत येतात. कानपिळीला नवरदेवाचा कान पिळणाऱ्या नवरीच्या भावाला आणि बूट पळवणाऱ्या मेहुण्यांना काय द्यायचं ती पाकिटं मुलाकडच्यांनी खिशात तयार ठेवावीत. झाल (मुलीला सासरच्यांच्या हवाली करायचा विधी), सूनमुख (सासूने सुनेचं तोंड आरशात बघायचं) यासाठी चारच्या आसपास अर्धा तास शांत ठेवा, तेव्हा डीजे बंद, मंद सनई चालू. आयांना रडायला पण जरा वेळ लागतो.

वरात काढणार असाल तर रात्री दहाच्या आत संपवा, दहा ते सहा लाउडस्पीकर बंद असा नियम २००० सालापासून आहे, बँडवाल्याला निघायची वेळ साडेआठचीच सांगा. घरी गृहप्रवेशाचं माप, तांदूळ, लक्ष्मीपूजनाचं ताट हे सगळं मुलाकडच्या एका बाईने सकाळीच मांडून ठेवलेलं असावं. त्या रात्री दोघांना गरम आमटी-भात आणि झोप, सत्यनारायण दुसऱ्या दिवशी उशिराने ठेवा.

शेवटचं काम कागदाचं, आणि हे हॉल सोडायच्या आधी करायचं. विवाह नोंदणीचा फॉर्म आधीच आणून ठेवा आणि त्यावर गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही त्याच दिवशी घ्या, नंतर गुरुजी सापडत नाहीत आणि साक्षीदार मामा गावाला परत गेलेले असतात. पत्रिकेच्या दोन प्रती, लग्नाचा एक स्वच्छ फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे एका फाइलमध्ये. शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत नोंदणी होते, ९० दिवसांच्या आत केली तर दंड लागत नाही. पासपोर्ट, बँक, व्हिसा सगळीकडे पुढे हाच कागद मागतात. हॉलचं डिपॉझिट, भाड्याच्या समया आणि चौरंग, केटररचा अंतिम पानांचा आकडा, हे तिन्ही इनचार्जनेच त्याच संध्याकाळी सही करून मिटवावं.